दादा, त्या एका डॉलरसाठी मनापासून थँक्यू

दादा,

फोनवर थँक्यू म्हटलं होतं पण घाईत, म्हणून आज नीट बसून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण मराठीत मेल लिहिणाऱ्या अजून कोणाचा तरी त्रास वाचेल.

आमच्या वाचनालयाचं महिन्याचं पत्र मी व्हिम या साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये टाइप करते आणि एका छोट्या स्क्रिप्टने सभासदांना पाठवते. तीन महिने तक्रार एकच, मधेच एखादा शब्द तुटतो आणि तिथे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं. मी फॉन्ट बदलला, कीबोर्ड बदलला, काही फरक नाही. तुम्ही फक्त म्हणालात, "सेट लिस्ट टाक आणि डॉलर मोज." ही आज्ञा दिली की फाइलमधली ओळ जिथे खरी संपते तिथे व्हिम डॉलरचं चिन्ह ($) दाखवतो. स्क्रीनवर नऊ ओळी दिसत होत्या आणि डॉलर एकच, अगदी शेवटी! म्हणजे अख्खा परिच्छेद ही फाइलमध्ये एकच ओळ होती, व्हिम ती नुसती स्क्रीनच्या रुंदीत दुमडून दाखवत होता.

मग तुम्ही समजावलंत की मेलच्या नियमात एक ओळ ९९८ बाइटच्या (बाइट म्हणजे मजकूर साठवायचं छोटं माप) वर जाऊ शकत नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजून, म्हणजे ३३२ चिन्हं झाली की संपलं. माझी स्क्रिप्ट मजकूर जसाच्या तसा ढकलत होती, वाटेतला सर्व्हर ओळ कापायचा आणि कापताना अक्षराच्या मधोमध सुरी चालायची. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे सहसा जाणवतच नाही, म्हणून मला तुमचं जास्त कौतुक, तुम्ही आपल्या लिपीच्या बाजूने विचार केलात.

टेक्स्टविड्थ, म्हणजे व्हिममधली ओळीची कमाल रुंदी, ७२ केली, जुन्या परिच्छेदांवर जीक्यूआयपी (परिच्छेद त्या रुंदीत नव्याने बसवणारी आज्ञा) मारलं, प्रश्नचिन्हं गेली. (७२ का, तर उत्तर देताना पुढे बाणांची चिन्हं लागतात तरी ८० च्या आत राहावं म्हणून, हेही तेव्हाच कळलं.) पण शेवटी छापलेला अभंग! जीक्यूआयपीने चारही चरण एकाला एक जोडून त्याचं गद्य करून टाकलं, आणि मला खरंच रडू आलं.

रात्री साडेदहाला तुम्ही परत फोन घेतलात. फॉरमॅटऑप्शन्समध्ये, म्हणजे व्हिमच्या मजकूर मांडायच्या सेटिंगमध्ये, डब्ल्यू टाकायला लावलात, म्हणजे ओळीच्या शेवटी स्पेस असेल तर परिच्छेद पुढे चालू, स्पेस नसेल तर ती ओळ तिथेच संपली. हीच खूण मेलमध्ये फॉरमॅट-फ्लोड म्हणून चालते, स्क्रिप्ट मेलला जो हेडर (मेलची माहिती देणाऱ्या वरच्या ओळी) लावते त्यात तेवढं लिहिलं की ज्या अ‍ॅपला ते कळतं ते परिच्छेद स्क्रीनप्रमाणे वाहता ठेवतं, ज्याला कळत नाही तिथे साध्या ७२ च्या ओळी दिसतात. मी कुठे थांबले आणि जागा कुठे संपली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

परवाच्या पत्रात अभंगाचे चार चरण चार ओळींत गेले. फोनवर मेल वाचणाऱ्या आमच्या एका आजोबांनी मुद्दाम कॉल केला आणि पूर्ण अभंग म्हणून दाखवला.

पुढचं पत्र रविवारी निघतंय, तुमचा पत्ता यादीत टाकलाय. वहिनींना नमस्कार सांगा.