बाळा, तुझं दूध तोडलं तेव्हा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुला हे वाचता येईल तेव्हा यातलं काहीच आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

तू दोन वर्षांचा झालास की अंगावरचं हळूहळू बंद करायचं असं ठरलं होतं. आजी म्हणाली कडुनिंबाचा पाला वाटून लाव, एकदा कडू लागलं की परत मागणार नाही, पण मला ते नको वाटलं, तुला वाटलं असतं आईच कडू झाली. मग मी सरळ नाही म्हणायचे आणि तरी जवळ घेऊन बसायचे. काय रडायचास रे! गाऊन ओढायचास, चावायचास, फरशीवर लोळायचास, आणि पप्पांनी उचललं तर त्यांच्याकडे पण थांबायचा नाहीस, जिच्यावर एवढा राग तिच्याच मांडीवर चढून तिलाच मारायचास. बरेच दिवस असं चाललं आणि मग एका दुपारी तू आलास, मांडीवर डोकं ठेवलंस आणि काहीच मागितलं नाहीस. नुसता पडून राहिलास.

बायबलमध्ये स्तोत्र 131 आहे, फक्त तीन वचनांचं. ते रचणारा दावीद राजा म्हणतो माझा जीव आईजवळ असलेल्या दूध तुटलेल्या बालकासारखा शांत आहे. नीट बघ, पोट भरून झोपलेलं तान्हं बाळ नाही म्हटलेलं, दूध तुटलेलं म्हटलंय. त्या काळात दूध उशिरा तोडायचे, बायबलमध्येच इसहाकाचं तोडलं तेव्हा त्याच्या बापाने, अब्राहामाने, मोठी मेजवानी दिली, आणि हन्नाने आपल्या मुलाचं, शमुवेलाचं, दूध तुटेपर्यंत थांबून मगच त्याला मंदिरात नेलं. म्हणजे हे चांगलं चालणारं बोलणारं, हट्ट करणारं पोर आहे, ते भरपूर रडून झालंय, त्याला हवं ते मिळालेलं नाहीये, आणि तरी ते आईपाशीच आहे. ही शांती रडण्याच्या आधीची नाही, नंतरची आहे. हे मला तुझ्यामुळे कळलं.

आणि ते कळायची मला तेव्हा फार गरज होती, कारण त्याच वर्षी तुझे आजोबा गेले. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, उपास केले, चर्चच्या मंडळीतले लोक घरी येऊन रात्र रात्र बसले, आणि तरी ते गेले. मी देवावर खूप चिडले होते. प्रार्थनेला बसायचे आणि भांडूनच उठायचे. पण तू मला मारत होतास तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की याचा माझ्यावर विश्वास नाही, उलट विश्वास होता म्हणूनच तू दुसऱ्या कोणाकडे न जाता माझ्यावर ओरडत होतास, मग देवाला माझ्याबद्दल वेगळं का वाटेल?

लेकरांसारखे व्हा यावर उपदेश असला की बहुतेक वेळा निरागसपणावरच बोलतात. मला ते पटत नाही, दोन वर्षांचं पोर घरात असलेल्या कोणालाच पटणार नाही. मत्तय 18 मध्ये येशू लेकराला मध्ये उभं करून लीन होण्याबद्दल बोलतो, आणि त्या काळी लेकराला काही मान नव्हता, हातात काही नव्हतं, सगळं दुसऱ्यावर अवलंबून. तेवढंच आपल्याकडे असतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूला माउली म्हणून हाक मारली ती मला म्हणूनच इतकी जवळची वाटते.

पण सगळ्यांना आईची मांडी मिळत नाही, हेही लक्षात ठेव. आपण शरणपूरवरून जातो ना, तिथे 19 व्या शतकात सीएमएस म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी या मिशनने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना ठेवून शिकवलं. जेकब वेनराइट त्यातलाच, आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरीच्या शवपेटीबरोबर तो लंडनपर्यंत गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनाला हजर होता. आपल्या आईपासून तोडलेली ही पोरं इथे नाशकात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणायला शिकली. त्यांना ते म्हणताना काय वाटत असेल याचा मी खूप वेळा विचार करते. त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा कितीतरी महाग होता.

तू मोठा झालास आणि देवाकडे मागितलेलं काही मिळालं नाही तर येऊन मला सांग, रड, भांड, काही दिवस चर्चला जावंसं वाटलं नाही तर तेही सांग. मी तुला लगेच बायबलमधलं वचन काढून दाखवणार नाही. आजोबा गेले तेव्हा मला खूप जणांनी वचनं पाठवली होती, त्यातलं एकही तेव्हा आत गेलं नाही, पण शेजारच्या मावशी रोज येऊन न बोलता भांडी घासून जायच्या आणि तुला दोन घास भरवायच्या, ते मी कधी विसरणार नाही.

तुझीच,
आई