टॉवरच्या अलार्मची तार काढून पाहिल्याशिवाय सही नको

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात गावची वीज गेली की काही तासांत मोबाइलची रेंजही जाते आणि खापर बॅटरीवर फुटते. बॅटरी कधी ना कधी उतरणारच. वीज गेल्याचा अलार्म नियंत्रण कक्षाला वेळेवर मिळाला, तर डीजी (डिझेल जनरेटर) सुरू करायला माणूस निघू शकतो. अनेकदा तो मिळतच नाही, कारण साइट उभारताना दोन तारा चुकीच्या जागी बसलेल्या असतात.

मेन्स फेलचा, म्हणजे बाहेरची वीज गेल्याचे कळवणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) पाहा. त्यावर एनओ म्हणजे एरवी उघडा आणि एनसी म्हणजे एरवी जोडलेला संपर्क असे छापलेले असते. यातले 'एरवी' म्हणजे कॉइलला वीज नसताना. पण या रिलेची कॉइल मेन्सवर दिवसरात्र चालू असते. त्यामुळे 'अलार्मच्या तारांचे लूप जोडलेले हवे' एवढेच ठाऊक असलेला वायरमन एनसीवर तार लावतो आणि वीज असूनही लूप उघडे राहते. लूप उघडे म्हणजे अलार्म, म्हणून स्क्रीनवर तो कायम दिसतो. मग तार हलवण्याऐवजी सॉफ्टवेअरमध्ये पोलॅरिटी उलटी केली जाते, म्हणजे उघडे लूपच 'ठीक' मानले जाते. अलार्म जातो, साइट ताब्यात घेतली जाते. पुढे उंदराने ती तार कुरतडली, किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत टर्मिनल गंजून सुटले, तरी वर कुणाला कळत नाही. कॉमन (रिलेचे सामायिक टोक) आणि एनओवर जोडणी केली तर तार तुटली तरी अलार्म येतो. हाच एक फरक सर्वांत महत्त्वाचा.

48 व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरी बँकेत 2 व्होल्टचे 24 सेल असतात. सेलमागे 1.8 व्होल्ट धरले तर 43.2 व्होल्टला बँक रिकामी झाली असे समजायचे. लो बॅटरीचा अलार्म त्याच्या बराच आधी, 46-47च्या आसपास यायला हवा. अलार्मची तार पोर्टला लावण्यापूर्वी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. ड्राय कॉन्टॅक्टवर (स्वतःची वीज नसलेल्या संपर्कावर) ते शून्यच हवे, नाहीतर पोर्ट जळू शकतो.

नेटवर्क केबलचेही तसेच. दिव्यांचा स्वस्त टेस्टर आठही तारा बरोबर दाखवतो, पण पिळाच्या जोड्या फुटल्या असतील (एका जोडीची तार दुसरीत गेली असेल) तर ते त्याला कळत नाही. लिंक लागते आणि लोड आला की पॅकेट गळतात. दोन्ही टोकांना 568बी हाच तारांच्या रंगांचा क्रम ठेवावा, पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये आणि पॉवर केबलच्या गठ्ठ्यात ही केबल बांधू नये.

साइट ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की फोटो पाहून सही करू नका. मेन्सचा एमसीबी पाडा, दार उघडा आणि कक्षाला फोन करून अलार्म त्याच नावाने आला का विचारा. त्यानंतर क्रोन मॉड्यूलवरची (अलार्मच्या तारा जोडायच्या पट्टीवरची) एकेक जोडी काढून पाहा. जी काढल्यावर अलार्म येणार नाही, ती त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

– दूरसंचार उभारणीतील तंत्रज्ञ, रत्नागिरी