सिकलसेलचे संशोधन नाशिकमध्येच व्हावे

महोदय,

सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा, वेदनेचे झटके देणारा आनुवंशिक आजार. त्याची चर्चा आपल्याकडे तपासणी आणि गोळ्यांपाशीच थांबते. त्यापुढचे कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

तांबड्या रक्तपेशी आपल्या आवरणाचे अतिसूक्ष्म बुडबुडे, म्हणजे पुटिका, सतत रक्तात सोडत असतात. निरोगी माणसात हे हिताचेच. साधारण १२० दिवसांच्या आयुष्यात पेशी खराब झालेले हिमोग्लोबिन आणि आवरणाचा बिघडलेला भाग अशा रीतीने बाहेर टाकते. यकृत आणि प्लीहा या पुटिका चटकन उचलतात.

सिकलसेलमध्ये मात्र पेशी पुन्हा पुन्हा वाकते, ताठरते आणि पुटिकांचे प्रमाण खूप वाढते. पुटिकांच्या पृष्ठभागावरचे फॉस्फॅटिडिलसेरीन (आवरणातला एक स्निग्ध पदार्थ) रक्त गोठण्याला चालना देते. आतले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकते. रक्तवाहिन्यांना होणाऱ्या इजेत या पुटिकांचाही वाटा असतो.

केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झाले, उद्दिष्ट २०४७ चे. तोवर आपल्या जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या मुलांनी नुसते तपासणीचे कार्ड सांभाळत वेदना सोसायच्या का? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. पुटिका फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे लेसर प्रकाशात सूक्ष्म कण मोजणाऱ्या तंत्राने, मोजता येतात. वेदनेचा झटका येण्याआधी त्यांचे प्रमाण बदलते का, हे इथल्याच रुग्णांच्या संमतीने तपासावे आणि निष्कर्ष त्यांना मराठीत सांगावेत, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित रक्तदाता, पंचवटी, नाशिक