बंदीच्या आदेशाने धुक्यात वाट सापडत नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आपल्या वृत्तपत्रात दोन बातम्या हटकून वाचायला मिळतात. एक, अमुक गडावर धुक्यात वाट चुकलेल्या तरुणांना गावकऱ्यांनी आणि बचाव पथकाने रात्री उशिरा खाली आणल्याची. आणि दुसरी, त्यानंतर चार-आठ दिवसांत निघालेल्या बंदी आदेशाची. मी मूळची अकोले तालुक्यातली. गेली अठरा वर्षे इंग्लंडमध्ये मँचेस्टरला राहते आणि आपले वृत्तपत्र येथे संगणकावर वाचते. धुक्यात वाट शोधणे हे शिकता येण्याजोगे, सराव करता येण्याजोगे आणि परीक्षा घेता येण्याजोगे कौशल्य आहे, ही साधी गोष्ट या दोन बातम्यांच्या मध्ये कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र.

हे कौशल्य जोपासणारा ओरिएंटियरिंग हा खेळ मूळचा स्कँडिनेव्हियातला. त्याची पहिली जाहीर स्पर्धा १८९७ साली नॉर्वेमध्ये झाली असे मानतात. नकाशा आणि होकायंत्र घेऊन, आखून न दिलेल्या वाटेने, ठरवून दिलेल्या खुणा गाठायच्या, एवढेच त्याचे मर्म. खुणेच्या जागी केशरी-पांढऱ्या कापडाची लहान, तीन बाजूंची कंदिलासारखी निशाणी टांगलेली असते. तिला कंट्रोल म्हणतात. ब्रिटनमध्ये या खेळाचे डोंगरी रूप फोफावले. १९६८ पासून होत आलेली 'ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन' ही त्यातली सर्वांत नावाजलेली. दोघांच्या जोडीने दोन दिवस डोंगरात धावायचे, तंबू, झोपायची पिशवी, चूल आणि अन्न पाठीवर वाहायचे, रात्र मधल्या मुक्कामावर काढायची आणि वाट स्वतः शोधायची. ही स्पर्धा मुद्दाम ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे हवा बिघडण्याच्या दिवसांत घेतात. हे वेड वाटेल, पण त्यामागे विचार आहे. त्याकडे पुढे येते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दोन दिवसांच्या स्पर्धेत, इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, मी उतरले होते. माझी जोडीदारीण साठी उलटलेली, निवृत्त शिक्षिका. धावण्यात माझ्याहून हळू, नकाशा वाचण्यात माझ्या कितीतरी पुढे. आमचा प्रकार गुणांचा होता: पहिल्या दिवशी सहा तासांत जमतील तेवढे कंट्रोल गाठायचे, अवघड कंट्रोलला जास्त गुण, आणि उशीर झाला की मिनिटागणिक गुणांची कपात. सुरुवातीच्या रेषेवर नकाशा हाती पडला तेव्हा दरीत लख्ख दिसत होते. चारशे मीटर उंचीवर ढगाचे छत लागले आणि त्यात शिरताच जग वीस पावलांचे झाले.

धुक्यात डोळ्यांना काय होते, हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून पटणे कठीण आहे. वीस पावलांवरची मेंढी गाईएवढी वाटते. हातभर उंचीचा खडक दूरच्या सुळक्यासारखा दिसतो. चढ आणि उतार यांतला फरक पायांना कळतो, पण डोळे तो मान्य करत नाहीत. आणि सर्वांत घातक म्हणजे मन घाईघाईने एक चित्र रचते व समोर दिसेल ते ओढूनताणून त्या चित्रात बसवू लागते.

माझी चूक नेमकी अशीच झाली. डोंगराच्या एका सोंडेच्या पूर्व अंगाला दोन ओढ्यांच्या संगमावर कंट्रोल होता. नकाशा एकास चाळीस हजार प्रमाणाचा, म्हणजे एका सेंटिमीटरला चारशे मीटर. वर एका लहान तळ्यापासून मी दिशा घेतली, पावले मोजायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात धुक्यातून सात-आठ जणांचा घोळका आमच्या डावीकडून आत्मविश्वासाने उतरत गेला. मी मोजणी सोडली आणि त्यांच्यामागे निघाले. मेंढरे कशी जातात ते गावी लहानपणापासून पाहिले होते, तरी गेले. खाली ओढा लागला, संगमही लागला, निशाणी मात्र नाही. घोळक्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला वाट माहीत आहे असे समजून चालत होता, हेही तेथेच उघड झाले. मी तरीही पंधरा मिनिटे त्याच संगमाभोवती शोधत राहिले, आणि होकायंत्रच बिघडले असावे असे म्हणण्यापर्यंत माझी मजल गेली.

जोडीदारीण न बोलता थांबली. तिने मला उताराकडे तोंड करून उभे राहायला सांगितले आणि आपले तोंड कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्रावर पाहायला लावले. उत्तरेला होते. आम्हाला हवा असलेला उतार पूर्वेकडे होता. एवढ्या एका निरीक्षणाने सिद्ध झाले की आम्ही सोंडेचे नाक ओलांडून तिच्या दुसऱ्या अंगाला आलो आहोत आणि हा ओढा आमचा नाहीच. शेजारच्या सारख्याच दिसणाऱ्या जागेला आपली जागा समजणे, ही धुक्यातली सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि ती उताराच्या दिशेवरून पकडता येते, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे ओढ्याच्या काठाने उतरून आम्ही दगडी गडग्यापर्यंत गेलो. नकाशावर गडगा आणि ओढा एकाच ठिकाणी एकमेकांना छेदत होते, तेव्हा तेथे आमचे स्थान निःसंशय झाले. या सगळ्यात पन्नास मिनिटे गेली होती. कड्याच्या माथ्यावर चाळीस गुणांचा एक कंट्रोल उरला होता. तो तिने एका वाक्यात सोडून दिला. मला वाईट वाटले हे कबूल करते. संध्याकाळी मुक्कामावर इतरांकडून त्या माथ्याचे वर्णन ऐकल्यावर ते वाटेनासे झाले.

धुक्यात चालण्याच्या युक्त्या मोजक्याच आहेत आणि त्यांत गूढ काही नाही. पहिली म्हणजे पावले मोजणे: सपाटीवर शंभर मीटरला आपली किती जोडपावले (डावे-उजवे मिळून एक) पडतात हे आधी मोजून ठेवायचे, साधारण साठ ते सत्तर भरतात. दुसरी वेळेची: १८९२ साली नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला ठोकताळा आजही कामी येतो, त्याप्रमाणे किलोमीटरला बारा मिनिटे आणि दर दहा मीटर चढाला एक मिनिट. तीनशे मीटर अंतर आणि साठ मीटर चढ असेल तर सुमारे दहा मिनिटे. पंधरा झाली आणि खूण आली नाही तर पुढे जायचे नाही, थांबायचे. तिसरी मला सर्वांत आवडते. पाच अंशांची चूक पाचशे मीटरवर चाळीस मीटरहून अधिक भरते, आणि वीस मीटरवरचे न दिसणाऱ्या माणसाला ती पुरेशी घातक आहे. म्हणून ओढ्यावरच्या एका जागी पोहोचायचे असेल तर थेट तिच्यावर नेम न धरता मुद्दाम तिच्या थोडे डावीकडे धरायचा. ओढा लागला की उजवीकडे वळायचे, हे मग पक्के असते; सरळ नेम धरला असता तर कोणीकडे वळावे याचाच घोळ झाला असता. आणि जोडी असेल तर एकाने दिसण्याच्या सीमेपर्यंत पुढे जाऊन उभे राहायचे, मागच्याने होकायंत्रावरून त्याला डावी-उजवीकडे सरकवायचे, मग त्याच्यापाशी जायचे. हे कंटाळवाणे आहे, पण चुकत नाही.

या स्पर्धांत दिशा दाखवणारे जीपीएस वापरायला बंदी असते. मोबाइल पिशवीत, बंद स्थितीत, संकटासाठी. महाराष्ट्रात नेमके उलट चित्र दिसते: कोणीतरी आखलेली रेघ मोबाइलवर उतरवून घ्यायची आणि तिच्यावरून आपला ठिपका चालवायचा. पावसात भिजलेला पडदा बोटाला दाद देत नाही, कड्यांच्या बेचक्यात किंवा नाळेत ठिपका भलतीकडे उडी मारतो, आणि बॅटरी संपली की त्या माणसाला आपण कुठे आहोत हे तर कळत नाहीच, कुठून आलो हेही सांगता येत नाही. मोबाइल नसावा असे माझे म्हणणे नाही. तो एकमेव आधार नसावा.

साहित्याबाबतही एक तुलना आवश्यक वाटते. २५ ऑक्टोबर २००८ रोजी ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेलच्या खोऱ्यात सुरू असताना प्रचंड पाऊस आणि वादळ झाले, स्पर्धा थांबवावी लागली. सुमारे अडीच हजार स्पर्धकांपैकी शेकडो जण बेपत्ता असल्याच्या बातम्या जगभर गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप असल्याचे स्पष्ट झाले. त्या बातम्यांची पुढे इथल्या डोंगरी मंडळींत बरीच थट्टा झाली, कारण त्या माणसांच्या पाठीवर तंबू होता, कोरडे कपडे होते, अन्न होते आणि त्यांना नकाशा वाचता येत होता. याउलट २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि वारा आला व २१ धावपटू प्राणांस मुकले. त्यांत देशातले नामवंत धावपटू होते. वारारोधक जाकीट तेथे सक्तीचे नव्हते. एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन शेकोटी केली, म्हणून ते वाचले. ऑक्टोबरमध्ये स्पर्धा घेण्यामागचा विचार येथे दिसतो: हवा वाईट असणारच असे धरून माणसाची तयारी आधी तपासली जाते.

आता सह्याद्रीकडे वळते. आपले पावसाळी धुके म्हणजे बहुतेक वेळा डोंगरावर टेकलेला ढगच असतो, आणि आपल्या पठारांना कडे आहेत. लेक डिस्ट्रिक्टमध्ये चुकलेला माणूस बऱ्याचदा भलत्याच दरीत उतरतो. कोकणकड्याच्या माथ्यावर चुकलेल्याला ती सवलत नाही. म्हणून आपल्याला हे शिक्षण इंग्रजांपेक्षा अधिक हवे. साधने नाहीत असेही आता म्हणता येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे, दर वीस मीटर उंचीला एक अशा समोच्च रेषांसह (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा), सर्वसामान्यांना मिळू शकतात, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम आणखी सैल केले. महाराष्ट्रात होकायंत्र दाखवते ती चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांतला फरक एक अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे नवशिक्याला आकडेमोडीची कटकट नाही. दोन सूचना मात्र अनुभवाने देते. आपल्या बेसाल्टमध्ये लोहखनिजाचा अंश असतो, तेव्हा होकायंत्र खडकावर टेकवून वाचू नये. आणि इंग्लंडमधील नातेवाइकांकडून होकायंत्र मागवू नये: इंग्लंडात चुंबकीय क्षेत्राचा जमिनीकडचा कल फार तीव्र असल्याने तिथल्या होकायंत्राची सुई त्यानुसार तोललेली असते. माझे इथले होकायंत्र मी राजूरला नेले तेव्हा सुई एका बाजूला खाली झुकून घासत होती.

तिथेच आमच्या ओळखीचे, महादेव कोळी समाजातले एक आजोबा भेटले. सारी हयात गुरांमागे डोंगरात गेलेली. धुक्यात कडा कसा ओळखता, असे विचारल्यावर ते म्हणाले, "पावसाळ्यात वारा तोंडावर खालून आला की पुढं जायचं न्हाई, बाई. ओढ्याचा आवाज कोणत्या कानाला येतो ते ध्यानात ठिवायचं." वारा, उतार, पाण्याचा आवाज, पायांखालची जमीन: माझ्या जोडीदारणीने होकायंत्रावर केले ते हे आजोबा गालावर आणि कानावर करत होते. डोंगर बंद केला की अशा माणसांचा रोजगार बुडतो, आणि त्यांच्याकडून शिकण्याची संधीही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. सह्याद्रीत पावसाळी शर्यती आणि पदभ्रमण आयोजित करणाऱ्या संस्थांनी कागदी नकाशा, होकायंत्र, शिट्टी, वारारोधक जाकीट आणि कोरड्या कपड्यांचा जोड सक्तीचा करावा, सुरुवातीच्या रेषेवर तो प्रत्यक्ष उघडून तपासावा, आणि नसेल त्याला पैसे परत न करता घरी पाठवावे. इकडे इंग्लंडमध्ये तसेच करतात आणि कोणी कुरकुरत नाही. बंदी घालण्याचा अधिकार प्रशासनाला आहेच. काही धबधब्यांवर ती रास्तही आहे. पण ज्या गटाचा म्होरक्या नकाशावर आपले स्थान बोटाने दाखवू शकतो आणि ज्याला दाखवता येत नाही, त्या दोघांना एकच नियम लावण्यात काय हशील आहे? डोंगरातल्या बचावकार्याचा समन्वय करणाऱ्या महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसाठी रात्री-अपरात्री धावणारे स्वयंसेवक आणि अशा आजोबांसारखे जाणते यांना सोबत घेऊन तालुक्याच्या पातळीवर दोन दिवसांचे वर्ग घेता येतील, आणि ते मुद्दाम जुलैमध्ये, धुक्यातच, कड्यांपासून दूरच्या पठारावर घ्यावेत.

आपल्यालाही एक विनंती. पावसाळी पुरवणीत "भेट द्याव्यात अशा दहा जागा" दरवर्षी येतात. यंदा त्यांपैकी एका जागेऐवजी सर्वेक्षण विभागाच्या नकाशाचा तळहाताएवढा तुकडा छापावा आणि वाचकांना विचारावे की यात कडा कुठे आहे.

आपली नम्र,
एक वाचक
मँचेस्टर (मूळ तालुका अकोले)