पळी ठेवून चमचा घेतलात, त्याबद्दल

॥ श्री ॥

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

गणपती गावाला गेले, मोदकपात्र घासूनपुसून माळ्यावर गेलं, म्हणून आता निवांत लिहितोय. पत्र मुद्दाम उघडं ठेवलंय. तुमच्या स्वयंपाकघरातली मापं आणखी चार घरांच्या उपयोगी पडतील.

आम्ही तिघी आहारतज्ज्ञ. दिवसाला १५०० कॅलरीचा तक्ता लिहून देणं हे रोजचं काम. पण तक्त्यात ग्रॅम असतात आणि ओट्यावर वाटी, पळी, चिमूट आणि 'अंदाजाने'. पोळी-भाजीच्या दिवशी हे निभून जातं. चतुर्थीच्या ताटात मात्र अंदाज तीनशे-चारशे कॅलरींनी सहज चुकतो. मग कोणी म्हणतं, सणाला कसलं मोजायचं, आणि कोणी मोदकाला हातच लावत नाही. तुम्ही नैवेद्यातला एकही पदार्थ गाळला नाहीत. काय कशाने मोजायचं तेवढं ठरवलंत, आणि तिथेच आमचा तक्ता चालायला लागला.

पहिले आभार तुपाबद्दल. तुमचं मोदकांचं माप असं: तांदळाची पिठी १५० ग्रॅम, ओल्या नारळाचा चव २०० ग्रॅम, चिरलेला गूळ १३० ग्रॅम, आणि उकडीत नि हाताला मिळून तूप दोन चहाचे चमचे. पिठीच्या साधारण ५४० कॅलरी, चवाच्या ७१०, गुळाच्या ४९०, तुपाच्या ८०. बेरीज १८२०. त्यात १६ मोदक होतात, म्हणजे एकाला ११५ च्या आसपास. आता गंमत बघा. मोदक सगळे मोजतात, दोन खाल्ले की पाच. वरून पडणारं तूप कोणीच मोजत नाही. तुपाच्या भांड्यातली पळी भरली की १५ मिली धरते, म्हणजे १२० कॅलरी. मोदकावर एक पळी सोडली की पानात मोदक एक आणि हिशेबात दोन.

तुम्ही त्या भांड्यातली पळी काढलीत आणि चहाचा चमचा ठेवलात. ५ मिलीचा सपाट चमचा, ४० कॅलरी. तो दोन मोदकांना पुरला, कारण तूप कढत होतं आणि मोदकाचं नाक मोडून ते आत सोडलं जात होतं. थिजलेलं रवाळ तूप वर घातलं तर तिथेच बसतं किंवा ताटात ओघळतं. दोन घास तुपाचे, उरलेले कोरडे. जीभ म्हणते कमी पडलं, की हात पुन्हा भांड्याकडे जातो. कढत तूप सारणात झिरपतं आणि घासाघासाला लागतं.

गुळाच्या बाबतीत तुम्ही आमचं ऐकलं नाहीत, हे फार बरं केलंत. गूळ निम्मा करा, असं आम्ही सुचवलं होतं. ६५ ग्रॅम गूळ कमी केला तर १६ मोदकांत मिळून २४५ कॅलरी वाचतात, एका मोदकामागे पंधरा. अर्ध्या चमच्या तुपाहूनही कमी. आणि त्यासाठी सारण फळफळीत होतं. गुळाचा पाकच चवाला धरून ठेवतो. तो कमी पडला की सारण मोकळं राहतं, कळ्या मिटताना वर येतं, तोंड नीट बंद होत नाही आणि वाफेवर मोदक फुटतो. पंधरा कॅलरींसाठी अख्खा घाणा हातचा घालवायचा! 'साखर नको, गुळाचं चालेल' हेही इथेच निकाली काढू. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. गूळ घालायचा तो चवीसाठी.

उकडीचं तुमचं म्हणणं आम्ही तक्त्याच्या मागेच छापून टाकलंय. पिठीइतकंच पाणी, कणभर मीठ, चमचाभर तूप, उकळी आली की पिठी, झाकण, एक दणदणीत वाफ, आणि गरम असतानाच मळायची. पाणी कमी पडलं किंवा उकड गार होऊन मळली की पारीला चिरा जातात. चिरा बुजवायला हाताला तूप, पुढच्या मोदकाला आणखी तूप. अशी दोन-तीन चमचे तुपाची भर पडते आणि ती कुठे गेली ते कोणाला सांगता येत नाही. वाटीत पाणी घेऊन त्यात चार थेंब तूप टाकायचं आणि बोटं त्यात बुडवायची, ही तुमची युक्ती साधी आहे. मोदकांखाली हळदीची पानं घातलीत ती तर फुकटची श्रीमंती. सगळा वास, कॅलरी शून्य.

आता पातेल्याबद्दल. आपल्याकडे भांड्यांवर नावं कोरलेली असतात, कोणाच्या लग्नात कोणी दिलं ते. तुम्ही त्या कोरलेल्या नावाखाली मार्करने आकडा लिहिलात: ६४० ग्रॅम. रिकाम्या पातेल्याचं वजन. आम्ही इतकी वर्षं 'एक वाटी भाजी' लिहीत आलो. पण भाजीत किती पाणी आटलं यावर वाटी बदलते, हे कुठेच येत नव्हतं. अळूच्या फदफद्याचा तुमचा हिशेब असा: अळू २०० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ ४०, शेंगदाणे ४०, ओल्या खोबऱ्याचे काप ३०, गूळ २५, डाळीचं पीठ १५, फोडणीचं तेल २०. सगळं मिळून ९०० कॅलरी. शिजल्यावर पातेल्यासकट वजन १८४०, त्यातून ६४० वजा, उरलं १२०० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमला ७५ कॅलरी आणि १२० ग्रॅमच्या वाटीला ९०. पाणी जास्त पडलं की वजन वाढतं आणि ग्रॅममागच्या कॅलरी आपोआप उतरतात, म्हणून हा हिशेब कधी बिघडत नाही. बिघडतो तो वाढताना. डाळ-दाणे तळाशी बसतात. पहिल्या पंगतीला वरचं पातळ जातं आणि शेवटी बसणाऱ्याला दाण्यांचा खजिना. तुम्ही प्रत्येक वाटीआधी डाव तळापासून फिरवत होतात, ते आम्ही पाहिलंय.

तळणीचं मापही तसंच. कढईत ओतण्याआधी तेल ५०० ग्रॅम, वीस पुऱ्या झाल्यावर आणि तेल गार झाल्यावर ४२० ग्रॅम. ८० ग्रॅम तेल वीस पुऱ्यांत, एकीला ४ ग्रॅम, ३६ कॅलरी. कणीक १५ ग्रॅम, तिच्या ५०. पुरी झाली ८५ ची. कणीक सैल भिजली, तेल पुरतं तापलं नाही किंवा एकदम पाच-सहा पुऱ्या सोडून तेल थंड केलं, की हाच आकडा चढतो, कारण पुरी फुगायच्या आधीच तेल पीत बसते. कणकेचा कण टाकल्याबरोबर वर आला तरच पुरी सोडायची. पापड तुम्ही विस्तवावर भाजलात. त्याचं वेगळं कौतुक करत नाही, तळलेल्या पापडाचे चाहते रागावतील.

मग पान वाढलंत. मूद ८० ग्रॅम भाताची, त्यावर वरण आणि एक चमचा तूप: १९५. दोन मोदक आणि त्यांचा एक चमचा तूप: २७०. फदफदं ९०, बटाट्याची सुकी भाजी ६० ग्रॅम म्हणजे ७०, दाण्याचं कूट चमचाभरच घातलेली काकडीची कोशिंबीर ६०, पुरी एक ८५, पापड ३५, ओल्या खोबऱ्याची चटणी चमचाभर २०, वाटीभर मठ्ठा ३५. बेरीज ८६०. पंधराशेतले ६४० उरतात. सकाळी अडीचशे आणि रात्री साडेतीनशे-चारशे एवढं सहज बसतं. कोणाला मागचा भात ताकाशी हवाच असेल तर त्याने पुरी सोडायची. तिसरा मोदक हवा असेल तर पुरी आणि पापड दोन्ही. ही अदलाबदल आधी ठरलेली असली की पानावर बसल्यावर तोंडात बोट घालून विचार करावा लागत नाही.

वेळेचं मात्र घरोघरी चुकतं. आदल्या दिवशी हरतालिकेचा उपास, चतुर्थीला सकाळपासून कडकडीत, गुरुजींची वाट, आणि नैवेद्य दोनच्या पुढे. इतकी भूक घेऊन बसलेल्या माणसाला दोन मोदक म्हणजे सुरुवात वाटते. म्हणून सकाळी कपभर दूध आणि एक केळं, हे आमच्या तक्त्यातलं वाक्य तुम्ही सगळ्यांच्या हातात प्रत्यक्ष दिलंत. ज्यांना इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या आहेत त्यांनी तर जेवण लांबवायच्या आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, साखर एकदम खाली जाऊ शकते. बाकी नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नाही, हा जुना नियम आमच्या फार कामाचा. सारण परतता परतता दोन चमचे तोंडात जातात ते यात वाचतात.

आग्रहाबद्दल काय लिहावं! पंगतीत कॅलरी वाढपी ठरवतो. तुम्ही पानात मोदक दोनच वाढलेत, मोदकांचं ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवलंत आणि मध्ये मठ्ठा फिरवलात. पोट भरल्याचा निरोप पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ ताट डोळ्यांसमोर नसलं की बऱ्याच जणांचा तिसरा मोदक आपोआप रात्रीवर जातो. ज्यांनी मागितला त्यांना तुम्ही हसत वाढलात, 'डाएटचं काय झालं' असं कोणालाही ऐकवलं नाहीत. हे आमच्यातल्या काहींनी शिकण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. तुमच्याकडे ऋषीची भाजी बिनतेलाची: अळू, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, सगळं वाफेवर. सणाच्या लगेच मागे इतका हलका दिवस पंचांगानेच ठेवलाय. त्या दिवशी काट्यावर उभं राहू नका, हे तुम्ही आमच्याआधी सगळ्यांना बजावलंत. भात, गूळ आणि लोणचं-पापडातलं मीठ यांनी शरीरात पाणी धरलं जातं आणि काटा किलोभर सहज वर जातो. किलोभर चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जादा खाव्या लागतात, तुमचं अख्खं पान ८६० चं. तीन-चार दिवसांनी काटा जागेवर येतो. घाबरून जेवण तोडलं तर गौरीच्या दिवशी त्याची भरपाई होते, आणि तिथे पुरणपोळी बसलेली असते. पाव किलो डाळ, पाव किलो गूळ, २०० ग्रॅम कणीक, ३० ग्रॅम तेल यांच्या दहा पोळ्या केल्या तर एक २८० ची, वरचं तूप निराळं.

प्रसादाच्या पेढ्याचं एवढंच: २० ग्रॅमचा एक पेढा ८० कॅलरीचा, आणि आरतीला पाच घरी गेलं की चारशे. तुम्ही एका पेढ्याचे चार तुकडे करून ठेवले होतेत. कोणी नाही म्हटलं नाही आणि कोणाचा प्रसाद चुकला नाही.

एक विनंती. पातेल्यावरचं ६४० घासून घासून पुसट झालंय, पुन्हा ठळक लिहा. आणि दसऱ्याला श्रीखंड कराल तेव्हा चक्का बांधायच्या आधी दह्याचं आणि पाणी निथळल्यावर चक्क्याचं, दोन्ही वजनं टिपून ठेवा. साखर चक्क्याइतकी घालता की पाऊणपट, यावर आमचा पुढचा तक्ता अडून बसलाय.

तुमच्या,
तक्ते लिहिणाऱ्या तिघी