कोपनहेगनचे सात तास: आधी व्हिसा, मग जलपरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत ‘विमान बदलताना मधल्या वेळात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन पाहून घ्या’ असा सल्ला वाचला. सल्ला चांगला आहे, पण त्यात व्हिसाविषयी एक शब्द नाही. कोल्हापुरातून मुलांकडे लंडन-अमेरिकेला निघालेले आई-वडील तो जसाच्या तसा घेतील आणि पासपोर्टच्या खिडकीवर अडकतील, म्हणून हे पत्र.

विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलणे वेगळे आणि दाराबाहेर पडणे वेगळे. बाहेर पडलात की तुम्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात शिरलात आणि भारतीय पासपोर्टवर त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतोच. अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा व्हिसा कितीही वर्षांचा असला तरी तो येथे चालत नाही. जर्मनीत शिकणाऱ्या मुलाकडे तिथला निवास परवाना असेल, तर त्याला वेगळा व्हिसा नको. बाकीच्यांना मोठ्या माणसामागे ९० युरो शुल्क, किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा, बोटांचे ठसे द्यायला कोल्हापूरबाहेर फेरी आणि निर्णयाला साधारण १५ दिवस, गर्दीच्या मोसमात त्याहून जास्त. केवळ तीन-चार तासांच्या फेरफटक्यासाठी एवढा खटाटोप करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. जर्मनी किंवा फ्रान्सला जाणारच असाल, तर त्याच व्हिसावर कोपनहेगनही होते. यात एक मेख आहे. लंडनला जातानाही कोपनहेगन आणि येतानाही कोपनहेगन, असे असेल तर ते दोन प्रवेश झाले. एका प्रवेशाच्या व्हिसावर परतीच्या वेळी बाहेर पडता येत नाही.

दुसरी चूक तिकिटाची. स्वस्त पडते म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे काढली, की बॅग कोपनहेगनलाच उतरते. ती घ्यायला पासपोर्ट तपासणी ओलांडावी लागते, म्हणजे शहर पाहायचे नसले तरी व्हिसा हवा. असे प्रवासी मुंबईतच चेक-इनच्या वेळी रोखले जाऊ शकतात. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा आणि बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटच्या मुक्कामाचे नाव आहे ना, हे काउंटर सोडण्याआधी वाचून पाहावे.

आता तासांचा हिशेब. तो सुटणाऱ्या विमानापासून उलटा मोजायचा. समजा, विमान सकाळी ९ ला उतरले आणि पुढचे दुपारी साडेचारला आहे. परतताना सुरक्षा तपासणी आणि शेंगेनबाहेर जाण्याची पासपोर्ट तपासणी अशा दोन रांगा असतात, म्हणून अडीचलाच विमानतळावर हजर हवे. उतरल्यावर बाहेर पडायला तास धरा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे कधी जास्तही लागतो. मेट्रोची जा-ये आणि गाडीची वाट यात पाऊण तास. साडेसात तासांतले हातात उरले जेमतेम पावणेचार. मधला वेळ सहा तासांपेक्षा कमी असेल तर बाहेर पडू नये.

एवढ्या वेळात शहर पाहणे जमते ते अंतर कमी असल्यामुळे. कास्ट्रुप विमानतळ शहरापासून सुमारे ८ किलोमीटर, आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळासारखाच. स्टॉकहोमचा अरलांडा सुमारे ४० किलोमीटरवर आणि ऑस्लोचा गार्डरमोएन जवळजवळ कोल्हापूर-सांगली एवढ्या अंतरावर. तिथे हाच बेत करायचा तर आणखी वेळ हाताशी हवा.

टर्मिनल ३ च्या टोकाला मेट्रो आहे. हे शेवटचे स्थानक, त्यामुळे जाताना दिशा चुकत नाही. कोंगेन्स नीटॉर्व हे शहराच्या मध्यातले स्थानक पंधरा मिनिटांच्या आत येते. आत शिरायला फाटक नाही म्हणून प्रवास फुकट समजू नये. तीन झोनचे तिकीट आधीच यंत्रावर काढावे, कारण तपासनीस गाडीत येतात आणि दंड जबर असतो. गोंधळ होतो तो परतताना. एकाच फलाटावर एम-१ आणि एम-२ दोन्ही येतात, विमानतळाला फक्त एम-२ जाते. मुख्य स्टेशनवरून रेल्वेने परतणाऱ्यांनी तर डुलकी घेऊच नये. त्यातल्या बऱ्याच गाड्या विमानतळानंतर ओरेसुंडच्या पुलावरून थेट स्वीडनमध्ये माल्मोला जातात.

कोंगेन्स नीटॉर्वपासून नीहाव्न हा रंगीत घरांचा कालवा दोन-तीन मिनिटांवर. तिथल्या २० क्रमांकाच्या घरात ‘जलपरी’ची गोष्ट लिहिणारे डॅनिश लेखक हान्स अँडरसन यांनी आपल्या पहिल्या परीकथा लिहिल्या. पुढे दहा मिनिटे चालले की आमालिएनबोर्ग राजवाडा. पहारा रोज दुपारी बाराला बदलतो, वेळ जुळवून घ्यावी. सगळे विचारतात तो त्या गोष्टीतल्या जलपरीचा पुतळा तिथून आणखी पुढे आहे आणि तोही जेमतेम सव्वा मीटरचा. जाऊन-येऊन तास जातो. पावणेचार तासांत आम्ही तो वगळायला सांगतो आणि त्याऐवजी स्ट्रॉगेट सुचवतो. १९६२ पासून वाहनांना बंद असलेला हा बाजाररस्ता महाद्वार रोडवर खरेदी करणाऱ्याला लगेच आपला वाटेल. त्याच्या बाजूलाच १६४२ मध्ये पूर्ण झालेला गोल मनोरा आहे. वर जायला पायऱ्यांऐवजी साडेसात वळणांची चढण आहे, शेवटी तेवढ्या थोड्या अरुंद पायऱ्या. जोतिबाच्या पायऱ्यांना बिचकणारे आजी-आजोबाही सावकाश चढू शकतात. तिथून नॉरेपोर्ट मेट्रो पाच मिनिटांवर. तिवोली या पाळण्या-खेळांच्या बागेचे तिकीट एवढ्याशा वेळासाठी काढू नये.

चलन युरो नाही, डॅनिश क्रोन आहे. रोख लागतच नाही म्हटले तरी चालेल, पण आपले यूपीआय तिथे चालत नाही. बँकेचे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असते, ते निघण्याआधी अ‍ॅपमधून चालू करून घ्यावे. मुंबईला जाऊन आठवले तर ओटीपीचे सिम कोणाच्या फोनमध्ये आहे इथपासून सुरुवात होते. सायकलींचा पट्टा पदपथाला लागूनच असतो. फोटो काढत त्यावर उतरू नका, सायकली वेगात येतात. डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा त्या दिवसांत सकाळी उतरणाऱ्यांनीच बाहेर पडावे. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, टोपीचे जाकीट घ्यावे.

आणि खाऊ. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ आत नेण्यास प्रवाशांना बंदी आहे. हातातल्या पिशवीत नृसिंहवाडीचे पेढे किंवा तूप असेल, तर ती घेऊन शहरात जाता येणार नाही. कांदा-लसूण चटणीला ही बंदी नाही.

आपले,
विमानतिकिटे व व्हिसाचे काम करणारे दोघे वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर