सुन्याला पत्र, ब्रूनोच्या उलटीबद्दल

शिवाजी पेठ, कोल्हापूर
आषाढ, मंगळवार रात्र

प्रिय सुन्या,

परवा रात्री दोन वाजता, तुझा कुत्रा ब्रूनो ओकला म्हणून, तुझा फोन आला आणि मी तुझ्यावर खेकसलो. मनाला लागलं असेल तर माफ कर. "तापाची अर्धी गोळी देऊ का?" असं तू विचारलंस आणि माझा आवाज चढला. आपल्या घरात असते ती पॅरासिटामॉल कुत्र्याच्या लिव्हरवर आणि रक्तावर जाते. अंगदुखीची आयबुप्रोफेन पोटात व्रण पाडते, किडनी बिघडवते. एवढं फोनवर समजावून सांगण्याइतका धीर तेव्हा ना तुला होता, ना मला. मागं चिऊ रडत होती, वहिनी फडकं शोधत होत्या आणि तू सारखं एकच विचारत होतास, "वाचेल ना रे?" म्हणून आज सवडीनं लिहायला बसलोय. सकाळपासून पाऊस हटलेला नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय. माझी कुत्री राणी पायाशी मुटकुळं करून झोपलीय.

तुला आपलं तालमीतलं पिल्लू काळू आठवत असणारच. तालमीच्या मागच्या बाजूला पोत्यावर झोपायचा, आखाड्याच्या तांबड्या मातीत लोळून लाल व्हायचा. आपण आठवीत होतो, तो जेमतेम तीन महिन्यांचा. एका सकाळी त्यानं दुधात कुस्करलेली भाकरी ओकून टाकली. वस्ताद म्हणाले, गवत खाऊ दे, पोट साफ होईल. कुणी हळदीचं दूध पाजलं. कुणी म्हणालं, दृष्ट लागली, आणि आपण तुझ्या आजीकडनं मीठ-मिरच्या आणून उतरवूनही टाकल्या. दुसऱ्या दिवशी नुसता पांढरा फेस येत होता. संध्याकाळी रक्ताची पातळ शी झाली, आणि तो वास, सुन्या, तो वास मला अजून आठवतो. तिसऱ्या दिवशी जर्मनच्या वाटीवर तोंड धरून तो नुसता बसला होता. नाक पाण्यापासून बोटभर वर, पण जीभ बाहेर येत नव्हती. आपल्याला वाटलं तहान लागलीय, म्हणून तू जबडा धरलास आणि मी चमच्यानं पाणी ओतलं. ते तसंच्या तसं बाहेर आलं. पहाटे तो गेला. तुझ्या काकांच्या उसाच्या बांधावर आपण त्याला पुरला, आणि नंतर कित्येक दिवस त्याच्याबद्दल एकमेकांशी बोललो नाही.

राणीला पहिल्यांदा डॉक्टरांकडं नेलं तेव्हा ही हकिकत मी त्यांना सांगायला घेतली. अर्ध्यातच ते म्हणाले, पार्व्हो. लस न टोचलेलं पिल्लू, आधी उलट्या, मग घाण वासाची रक्ताची शी, पाण्याच्या वाटीवर टांगलेली मान. हा विषाणू जगाला १९७८ साली कळला. आतड्याचं आतलं अस्तरच तो सोलून काढतो. पोटात पाणी ठरत नाही, अंगातले क्षार जातात, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. त्या विषाणूला सरळ मारणारं औषध नाही, पण वेळेत सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक मिळाली तर बरीचशी पिल्लं वाचतात. आपण दोन दिवस गवतात आणि हळदीत घालवले. आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, हे खरं. पण आता मला माहीत आहे, आणि तुझ्या घरात कुत्रं आहे, तर तुला माहीत नसावं हे मला सहन होणार नाही.

डॉक्टरांची एक पद्धत मी उचललीय. कुणी फोन करून "उलटी झाली हो" म्हटलं की ते आधी विचारतात, "उलटी राहू द्या, कुत्रं कसं आहे?" शेपटी हलवतंय का, हाक मारली की येतंय का, पाणी पितंय आणि ते पोटात राहतंय का. परवा मी तुला नेमकं तेच विचारलं. ब्रूनोनं पिवळं फेसाळ पाणी टाकलं, मग अंग झाडलं आणि चिऊची चप्पल घेऊन पळाला, असं तू म्हणालास तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ते पिवळं म्हणजे पित्त. रात्री आठला जेवून पोट बराच वेळ रिकामं राहिलं की काही कुत्र्यांना पहाटे असं होतं. झोपायच्या आधी त्याचाच मूठभर खाऊ देऊन बघ, बहुतेक थांबेल. पण आठवड्यातनं दोन-तीनदा होऊ लागलं तर मात्र दाखवून आण.

आणखी एक गोष्ट बघायची. ओकताना कुत्र्याचं पोट भात्यासारखं आत-बाहेर होतं, मान खाली जाते, लाळ गळते, दोन-चार उमासे येतात आणि मग पडतं. ती उलटी. पण कधी कधी खाल्ल्या खाल्ल्या मान वाकवली की न पचलेलं अन्न लांबट गोळ्यासारखं अलगद बाहेर पडतं, पोटाला पीळ नाही की काही नाही. ते अन्ननळीतनंच परतलेलं असतं आणि त्याची कारणं वेगळी. हावरटासारखं खाल्लं तरी होतं, पण वारंवार झालं तर अन्ननळीचा आजार असू शकतो. डॉक्टरांना हा फरक सांगता आला तर त्यांचं निम्मं काम होतं. पुढच्या वेळी फडकं शोधायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ काढ. किळस करू नकोस, जे पडलं त्याचाही फोटो घे. कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट दिसलं तर ते पोटात पचलेलं रक्त असतं.

आता राणीचं सांगतो. गेल्या वर्षी त्र्यंबोलीच्या यात्रेला घरी मटण होतं. आषाढातला मंगळवार, पाहुणे भरपूर. लाडानं कुणीतरी तिला चरबीचे तुकडे घातले, वर रश्श्यातला भात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाच वेळा उलटी. दुपारी बघतो तर पुढचे पाय जमिनीवर पसरलेले, छाती टेकलेली आणि मागची बाजू उभी, जणू नमस्कार घालतीय. लेकाला वाटलं खेळतीय. पण तिचे डोळे बारीक झाले होते आणि पोटाला हात लावला की ती कण्हत होती. ते स्वादुपिंडाचं दुखणं निघालं. एकदम फार चरबी पोटात गेली की ते सुजतं. तीन दिवस सलाईन लावलं. तिचा पाय हलू नये म्हणून मी तिथं जमिनीवर बसून तो धरून ठेवायचो. पंज्याच्या गाद्या गार पडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं माझी बोटं चाटली.

त्या रश्श्यात आपली कांदा-लसूण चटणी होती, हेही लक्षात ठेव. कांदा आणि लसूण, कच्चे असोत, शिजवलेले असोत की वाळवून कुटलेले, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणजे कोल्हापुरी रस्सा कुत्र्याच्या ताटात कधीच नाही, कितीही तोंडाकडं बघत बसलं तरी. शिजवलेली हाडंही नाहीत, त्यांच्या कपच्या होतात. सांगलीहून तुझे सासरे बेदाणे पाठवतात ना, ते वरच्या फळीवर ठेव. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे होईल याचा नेम नाही. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. साखर नसलेल्या च्युइंगममध्ये बरेचदा झायलिटॉल नावाचा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असतो, त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर झपकन उतरते. लॅब्रॉडर तर काहीही गिळतो. मोजे, आंब्याची कोय, मक्याचा बुरकुंडा. बुरकुंडा आतड्यात अडकला की खाल्लेलं आणि प्यालेलं सगळं बाहेर येतं, शी होत नाही, आणि शेवटी ऑपरेशन करावं लागतं.

विषाचं वेगळं. तुमच्या सोसायटीत उंदरांचं औषध टाकतात असं तू म्हणाला होतास. त्यातली राखाडी-काळी पूड, झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लाशी मिळाली की विषारी वायू तयार होतो. कुत्र्याच्या तोंडाला लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो. अशा वेळी दूध नाही, भात नाही, पोटात काहीच घालायचं नाही, अन्नानं आम्ल वाढतं. गाडीच्या काचा उघड्या ठेवून तडक दवाखाना, कारण तो वायू आपल्यालाही बाधतो. दुसऱ्या जातीच्या वड्या असतात, त्या खाल्ल्यावर दोन ते पाच दिवस कुत्रं अगदी टुणटुणीत दिसतं आणि मग आत रक्तस्राव सुरू होतो. म्हणून खाल्ल्याची नुसती शंका आली तरी थांबायचं नाही, आणि पाकीट सोबत न्यायचं. घरी ओकवायला मिठाचं पाणी पाजू नकोस. आपल्याकडं सर्रास पाजतात, पण त्या मिठानंच कुत्री दगावतात.

आणि एक प्रसंग असा, की ज्यात तू मला फोनसुद्धा करायचा नाहीस. कुत्रं ओकायला बघतंय, उमाशावर उमासे येतायत, पण लाळेपलीकडं काही पडत नाही. पोट फुगून नगाऱ्यासारखं ताठ झालंय, कुठं बसावं ते त्याला कळत नाही. अशा वेळी पोटाला पीळ पडलेला असू शकतो. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत हे जास्त होतं. माझी राणी कारवानी जातीची, खोल छातीची, म्हणून मला ही भीती कायमची, आणि तुझा ब्रूनोही वाढून मोठाच होणार. ऑपरेशनशिवाय तो पीळ सुटत नाही आणि हातात काही तासच असतात. जेवल्याबरोबर पळवू नकोस, दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत वाटून दे.

घरी थांबायचं तर कसं, तेही सांगतो. एक-दोन उलट्या झाल्यात, कुत्रं हसतंखेळतंय, तर पाच-सहा तास खाणं बंद. पाणी पूर्ण बंद करायचं नाही, पण भांडं भरूनही ठेवायचं नाही, घटाघटा पितं आणि परत ओकतं. अर्ध्या तासानं दोन-तीन चमचे, राहिलं की थोडं जास्त. मग मऊ भात आणि उकडलेलं चिकन, कातडी-चरबी काढून, मीठ-हळद-तेल काही न घालता, वाटीभर. दिवसात चार वेळा असं थोडं थोडं, आणि दोन-तीन दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर. अगदी लहान पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही, त्याची साखर उतरते. त्याला सरळ दाखवायचंच.

मधल्या वेळात ओठ वर करून हिरडी बघ. गुलाबी आणि ओली हवी. बोटानं दाबलीस की पांढरी होते, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोड, ती लगेच जागेवर बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. आज रात्री ब्रूनो ठणठणीत असतानाच हे करून बघ, म्हणजे त्याचं नेहमीचं कसं असतं ते हाताला कळेल. ताप मागच्या बाजूनं, थर्मामीटरला व्हॅसलीन लावून. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट त्याच्यासाठी नॉर्मल, आपल्या हिशेबानं घाबरू नकोस. पण दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, पाणीही न ठरणं, रक्त, सोबत जुलाब, पडून राहणं, फिकट किंवा चिकट हिरड्या, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही.

वहिनींच्या माहेरची ती म्हातारी कुत्री, तिच्याबद्दलही त्यांना विचार. वयस्क कुत्रं खूप पाणी पितं, खूप मुततं आणि मधूनच ओकतं, तर किडनीची तपासणी लागते. आणि ऑपरेशन न केलेल्या मादीला माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत हेच झालं तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यात उशीर जिवावर बेततो.

पावसाळ्याचं एक राहिलं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर इथं गल्लोगल्ली चिखल आणि मेलेले उंदीर होते. उंदराच्या मुतातनं साचलेल्या पाण्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा जंतू, येतो. उलट्या, ताप, डोळे पिवळे, आणि तो माणसालाही होतो. ब्रूनोला डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नकोस, आणि आजारी पडला तर त्याचं मूत-ओक हातमोजे घालून पूस. चिऊला लांब ठेव.

आता माझं एक काम कर. ब्रूनोला आणलं तेव्हा त्या माणसानं "सगळ्या लशी झाल्यात" असं सांगितलं म्हणालास. तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि वर्षानं पुन्हा. पार्व्हो आणि लेप्टो दोन्हीची नावं पुस्तिकेत असायला हवीत, बाटलीचा स्टिकर आणि डॉक्टरांची सही हवी. शेवटची तारीख सोळा आठवड्यांच्या आधीची असेल तर उद्याच्या उद्या डॉक्टरांना विचार. त्या पानाचा फोटो काढून मला पाठव, मी इथं आमच्या डॉक्टरांना दाखवतो.

गणपतीला येशील तेव्हा त्याला घेऊन ये. काकांच्या बांधावर जाऊ दोघं.

तुझा,
बाळ्या